'इनहिबिटरी रिसेप्टर'ला मराठीत काय म्हणावं?

प्राणिशास्त्राच्या शिक्षिका, सोलापूर
बी.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय. बरीच मुलं मराठी माध्यमातली, काहींच्या घरी तेलुगू नाहीतर कन्नड. 'रिसेप्टर'ला, म्हणजे पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, 'ग्राही' चालतं. पण "पीडी-१ हा टी-पेशीवरचा (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीवरचा) प्रतिबंधक ग्राही" असं फळ्यावर लिहिलं, की हमखास प्रश्न येतो, "मॅडम, म्हणजे हा रोग होऊ देत नाही का?" 'प्रतिबंधक लस' कानात बसलेली!

निवृत्त मराठी शिक्षक, अक्कलकोट रोड
मुलांचं बरोबर आहे, ताई. प्रतिबंध म्हणजे होण्याआधीच अडवणं. इथं पेशी कामाला लागलेली असते, तिला आवरायचंय. 'दमनकारी'त जुलमाचा वास येतो. 'आवरक' कसं वाटतं?

पॅथॉलॉजिस्ट, सात रस्ता
सर, 'आवरक' म्हटलं की आवरण डोळ्यांपुढं येतं. 'नियामक' फार ढोबळ, पेशीला चेतवणारे ग्राहीही नियमनच करतात. मला 'लगामी ग्राही' पटतं. 'रोधक' मात्र औषधासाठी राखून ठेवा. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं पीडी-१लाच अडवतात, मग टी-पेशी कर्करोगाच्या पेशींवर पुन्हा तुटून पडू शकते. ग्राहीही रोधक आणि औषधही रोधक म्हटलं, तर २०१८चं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना हा लगाम सैल करण्याच्या शोधासाठी मिळालं, हे मुलांना कळायचंच नाही.

आणि ताई, उंदरावरचं सगळं माणसाला लावू नका. नैसर्गिक मारक (नॅचरल किलर) पेशींवर उंदरात एलवाय४९ घराण्यातले लगामी ग्राही असतात, माणसात केआयआर घराण्यातले. प्रथिनांची घराणी अगदी वेगळी, तरी दोन्ही ओळखतात एमएचसी वर्ग-१चे रेणू, म्हणजे पेशीवरची ओळखचिन्हं. एनकेजी२ए हा लगामी ग्राही मात्र दोघांतही आहे. सीटीएलए-४चं, म्हणजे टी-पेशीवरच्या आणखी एका लगामी ग्राहीचं, जनुक दोन्ही प्रतींत बंद केलेली उंदराची पिल्लं ३-४ आठवड्यांत मरतात. एकच प्रत बिघडली तर उंदीर ठणठणीत राहतो, माणूस मात्र आजारी पडू शकतो.

शिक्षिका
म्हणजे ग्राही आहे की नाही एवढ्यावर भागत नाही, किती आहे तेही सांगायला हवं. 'लगामी' घेते, डॉक्टर. 'एक्स्प्रेशन'चं, म्हणजे जनुकावरून प्रथिन बनण्याचं, काय? 'अभिव्यक्ती' म्हटलं की मुलं स्वातंत्र्यावर जातात.

पॅथॉलॉजिस्ट
जनुकाबद्दल बोलताना 'अभिव्यक्ती' ठेवा. फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी तपासायच्या पद्धतीत) पेशीवरचा ग्राही मोजला असेल, तर "पृष्ठभागावरचं प्रमाण" म्हणा.

निवृत्त शिक्षक
आणि 'एक्झॉस्टेड' टी-पेशी? 'दमलेली' चालेल?

पॅथॉलॉजिस्ट
चालेल की. फक्त पीडी-१ दिसला म्हणून दमलेली ठरवू नका, नुकत्याच चेतलेल्या पेशीवरही तो येतो. सोबत टिम-३, लॅग-३ हे इतर लगामी ग्राही आहेत का आणि पेशीचं काम मंदावलंय का, तेही बघायचं.