घरकामापुरती इलेक्ट्रिक करवत: तुम्ही कुठली घेतली, काय अनुभव?

परड्याकडचं दार पावसानं असं फुगलंय की लावताना खांदा द्यावा लागतो. सुतारमामा "येतो की परवा" म्हणून महिना झाला. एवढ्याशा कामाला कोण येतंय! म्हटलं आपणच छोटी मशीन घ्यावी. दाराचा तळ कापायचा, प्लायची एखादी फळी, झालंच तर पडद्याचा पाइप. तीन हजारांच्या आत बसलं पाहिजे. ज्यांनी खरंच वापरलीय त्यांनीच लिहा.

कोल्हापूर, राजारामपुरीतून :
जिगसॉ घ्या, म्हणजे बारीक पातं वर-खाली करत कापणारी हातातली करवत. माझी चार वर्षांपूर्वीची, लक्ष्मीपुरीतनं २,२०० ला आणलेली. पहिल्याच दिवशी कपाटाच्या फळीची वाट लावली. कापलेल्या कडेला सनमायकाचे टवके, उंदरानं कुरतडल्यासारखे. मग कळलं, साध्या ब्लेडचे दात वर येताना कापतात, म्हणून टवके वरच्या अंगाला उडतात. तेव्हापासून सनमायका खाली, रेघ मागच्या बाजूला. दोन्हीकडं सनमायका असेल तर रेघेवर चिकटपट्टी. ब्लेड टी बुडख्याचंच (मशीनमध्ये अडकणारं टोक इंग्रजी T सारखं) बसणारी मशीन बघा, ते कुठंही मिळतं. पाइपाला बारीक दातांचं वेगळं. जाड लाकडात मात्र ब्लेड आत वाकतं. वरून रेघ सरळ दिसते, खालून तिरकी.

उद्यमनगरातून :
काहीही घ्या, पण ग्राइंडरला (लोखंड घासायच्या-कापायच्या मशीनला) लाकडाचं दातेरी पातं लावू नका. आमच्या मावसभावानं लावलं. पैसे वाचले म्हणून खूश होता. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो, त्यात दात गाठीत अडकला. मशीन हातातनं उसळून मांडीवर. जीन्सला वीतभर चीर, आत नऊ टाके. आता तो चमच्यानं नारळ खरवडायलाबी घाबरतोय.

नागाळा पार्कातून :
मी हौसेनं सात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची करवत घेतली. अख्खी प्लाय सरळ फाडायला नाद खुळा. पण चार किलोचं धूड, खाली टेबल पाहिजे, शिकंजे पाहिजेत, भुसा स्वयंपाकघरापर्यंत. वर्षात दोनदा वापरली. बाकी वेळ शेजारीच नेतात.

कसब्यातून :
गॉगल घ्या भावा. बस.

शाहूपुरीतून :
थांबा, दार आत्ता कापू नका! २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी होतं. दारं फुगली, आम्ही पाणी ओसरल्या-ओसरल्या तासून घेतली. मार्चमध्ये लाकूड वाळलं आणि बोटभर फट पडली. उंदीर वाकायचीही तसदी घेत नव्हते. दुसरं म्हणजे लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळं दार बहुतेक वेळा तळाला नाही, बाजूला अडतं. चौकटीत कागद सरकवून बघा कुठं अडकतोय. दिवाळीनंतरही अडत असेल तर रंधा मारा आणि उघड्या पडलेल्या कडेला लगेच प्रायमर लावा. करवतीचं हे कामच नाही.

धागा काढणारा परत :
कागद सरकवला. तळाला आरपार गेला, कडीच्या बाजूलाच अडकला. रंधा शेजारच्या आजोबांकडं आहे, दिवाळीनंतर मागतो. जिगसॉ मात्र उद्या आणतोय. घरात फळीचं कबूल करून बसलोय.