शब्दचर्चा : ‘गुणात्मक’ संशोधनातला ‘गुण’ कुठला?

निपाणीहून प्रश्न :
मी मानसशास्त्रात एम.ए. करतेय, लघुप्रबंध मराठीत लिहायचा आहे. पुस्तकांत ‘गुणात्मक’ आणि ‘संख्यात्मक’ अशी जोडी येते, काही ठिकाणी ‘संख्यात्मक’ऐवजी ‘परिमाणात्मक’. गुण म्हणजे मार्क असंच आपण शाळेपासून धरतो. मग जिथं मार्क नाहीत, आकडे नाहीत, त्या पद्धतीला गुणात्मक का म्हणायचं? आणि दुसऱ्या दोन शब्दांतला कुठला घेऊ?

बेळगाव :
शंका रास्त आहे, ताई. मानसशास्त्रात तर ती जास्तच अडते. ‘बुद्धिगुणांक’ घ्या. मानसिक वयाला (मूल कितव्या वयाच्या मुलांइतकी उत्तरं देतं त्याला) प्रत्यक्ष वयानं भागायची कल्पना मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली मांडली; १९१६ मध्ये टर्मन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी त्याला १०० नं गुणून घेतलं. निव्वळ आकडा, तरी नावात गुण. दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात हे सांगणारा ‘सहसंबंध गुणांक’ही तसाच. हा गुण गणितातला, गुणाकाराच्या घरातला. गुणपत्रिकेतला गुण तिसराच.

‘गुणात्मक’मधला गुण म्हणजे स्वभाव, धर्म. ‘वाण नाही पण गुण लागला’ यातला. एखादा अनुभव किती आहे हे न विचारता तो कसा आहे, कशाचा बनला आहे, हे शोधायचं. कानडीतही शब्द ‘गुणात्मक’च आहे, पण तिथं मार्कांना ‘अंक’ म्हणतात आणि गुणपत्रिकेला ‘अंकपट्टी’, त्यामुळे तिकडच्या मुलांना हा घोळ होत नाही.

आणखी एक. गुणात्मक म्हणजे दर्जेदार नव्हे. ‘गुणात्मक शिक्षण’ असं भाषणात ऐकून कान सरावलेत, पण तिथं ‘गुणवत्तापूर्ण’ म्हणायचं असतं.

खानापूर :
दुसऱ्या जोडीत मी ‘परिमाणात्मक’च्या बाजूचा. नुसता आकडा दिसला की अभ्यास संख्यात्मक झाला असं मुलं समजतात. १२ जणांच्या मुलाखती घेतल्या आणि ७ जणांनी भीती सांगितली, एवढं लिहून पद्धत बदलत नाही. खरं काम मापनाचं असतं. चिंता डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी विधानं तयार करायची, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पायऱ्या द्यायच्या (लिकर्ट यांची १९३२ ची रीत), मग ती श्रेणी, म्हणजे मोजपट्टी, विश्वसनीय आहे का (पुन्हा मोजलं तरी तसंच येतं का), वैध आहे का (जे मोजायचं तेच मोजते का), हे तपासायचं. कानडी पुस्तकांतही ‘परिमाणात्मक’ येतो, म्हणजे आपल्या भागात दोन्ही वाचणाऱ्याला सोयीचं.

चिकोडी :
‘गुणात्मक’ऐवजी सरळ ‘वर्णनात्मक’ म्हटलं तर?

बेळगाव :
नको. सरासरी आणि प्रमाण विचलन शिकवणारा भाग म्हणजेच वर्णनात्मक संख्याशास्त्र, तो पूर्ण आकड्यांचा. एक घोळ मिटवताना दुसरा होईल.

खानापूरकरांचं मापनाबद्दलचं म्हणणं पटतं. तरी मी ‘संख्यात्मक’ लिहीन, कारण तो रुळलाय. पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात अर्थ सांगितला की झालं. सीमाभागातलंच उदाहरण देतो. समजा, मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेली दोन मुलं पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेली, आणि ‘वर्गात कानडीत बोलताना मला भीती वाटते’ या विधानापुढं दोघांनीही ‘सहमत’वर खूण केली. १ (‘पूर्ण असहमत’) ते ५ (‘पूर्ण सहमत’) अशा श्रेणीवर दोघांना ४. मुलाखतीत एक म्हणतो, सर विचारतील म्हणून छाती धडधडते. दुसऱ्याला सरांचं काही नाही, मागच्या बाकावरची पोरं हसतील याची लाज वाटते. आकडा सारखा, अनुभवाचा गुण वेगळा. शंभरेक मुलांत ही भीती कितपत आहे, मुलग्यांत जास्त की मुलींत, हे मात्र मुलाखतीतून कळायचं नाही. तिथं श्रेणीच हवी.

श्रेणी मराठी आणि कानडी दोन्हींत द्यायची झाली तर दोन्ही रूपं स्वतंत्रपणे तपासावी लागतात. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिचाचणीचं व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी केलेलं रूप ‘बिने-कामत चाचणी’ म्हणून आजही वापरात आहे. दोन भाषांत मानसिक मापन करायचं तर कसं, हे बघायला ते जरूर चाळा.

निपाणी :
मग माझ्या विषयाला दोन्ही लागतील. शीर्षकात काय लिहू?

खानापूर :
‘मिश्र पद्धती’. हा शब्द प्रचारात आहे. आणि मुलाखती उतरवून घेताना एक सांभाळा. पोरगं ‘भ्या वाटतंय’ म्हणालं तर तसंच लिहा, त्याचं ‘चिंता वाटते’ करू नका. गुणात्मक अभ्यासात ते बोलणं हीच तुमची सामग्री आहे. ‘भ्या’, ‘घोर’, ‘धाकधूक’ हे वेगवेगळे अनुभव असू शकतात. ते एकाच खान्यात घालायचे की नाही, हे सगळ्या मुलाखती वाचून झाल्यावर ठरवा.