वुवुझेलावरचा २०१० चा फतवा : आक्षेप वाद्याला की आवाजाला?

धागाकर्ता :

२०१० साली दक्षिण आफ्रिकेत झालेल्या फुटबॉल विश्वचषकामुळे वुवुझेला नावाचा फुंकून वाजवायचा कर्णा जगाला माहीत झाला आणि त्याच वर्षी संयुक्त अरब अमिरातीच्या इस्लामी व्यवहार व औकाफ (धार्मिक देणग्या) प्राधिकरणाने त्यावर फतवा दिला. १०० डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारा वुवुझेला कानाला अपाय करतो, म्हणून तो वर्ज्य आहे, असा त्याचा आशय होता. माझ्या मते हा फतवा इस्लामी न्यायशास्त्राच्या, म्हणजे फिकहच्या, उत्तम परंपरेतला आहे, कारण त्याने वाद्याला दोष न देता इजेला दोष दिला.

‘ला जरर व ला जिरार’, म्हणजे कुणाला इजा करू नये आणि इजेची परतफेड इजेने करू नये, हे वचन हदीसच्या, म्हणजे पैगंबरांची वचने आणि प्रसंग सांगणाऱ्या नोंदींच्या, दोन संग्रहांत आहे : इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आणि इब्न माजा यांच्या संग्रहात. त्यावर फिकहचे कितीतरी निर्णय उभे आहेत. वुवुझेला म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटरची, एकही भोक नसलेली प्लॅस्टिकची नळी. ओठ थरथरवून फुंकले की तिच्यातून एकच सूर निघतो. दक्षिण आफ्रिकेतल्या श्रवणतज्ज्ञांनी तो दोन मीटरवर मोजला, तेव्हा ११३ डेसिबल भरला. व्यावसायिक आरोग्याचे अमेरिकी निकष ८५ डेसिबलला आठ तास देतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करतात. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात आणि ११३ ला एक मिनिटही उरत नाही. सामना मात्र नव्वद मिनिटांचा असतो, आणि दोन मीटरवर बसलेला माणूस म्हणजे पुढच्या दोन-तीन रांगांतला कुणाचा तरी मुलगा असतो.

प्रतिसाद १ :

आपण ज्याला परंपरा म्हणता, तिचा निम्मा भाग आपण गाळला आहे. बुखारींच्या हदीससंग्रहात मआझिफ, म्हणजे वाद्ये, हलाल (वैध) मानणाऱ्यांबद्दलची निषेधाची हदीस आहे आणि चारही सुन्नी मजहबांच्या, म्हणजे न्यायपंथांच्या, बहुसंख्य फकीहांनी (न्यायशास्त्र्यांनी) फुंकून वाजवायची वाद्ये निषिद्धच ठरवली आहेत. अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे की गुराख्याच्या पाव्याचा आवाज कानी पडताच पैगंबरांचे सहकारी इब्न उमर यांनी दोन्ही कानांत बोटे घातली, वाट बदलली, आणि आवाज येईनासा झाल्याचे सोबतच्या नाफी यांनी सांगितल्यावरच बोटे काढली. तो पावा काही ११३ डेसिबलचा नव्हता. तेव्हा १०० चा आकडा सांगणाऱ्या फतव्याने ९९ ला परवानगी दिली असे मानणे चूक आहे. मूळ प्रश्नाला त्याने हातच घातलेला नाही.

धागाकर्ता :

आपण दिलेला दाखला मला मान्य आहे, पण तो आपल्याच विरुद्ध जातो, असे मला वाटते. इब्न उमर यांनी गुराख्याला थांबवले नाही आणि नाफींनाही कान झाकायला सांगितले नाही. ऐकणे हराम (निषिद्ध) असते तर ‘अजून ऐकू येते का?’ असे त्यांनी नाफींना विचारलेच नसते. अंदलुसियाच्या (मुस्लिम स्पेनच्या) इब्न हझम या पंडितांनी तर अकराव्या शतकात मआझिफच्या हदीसची सनदच, म्हणजे ती सांगणाऱ्यांची साखळीच, तुटलेली असल्याचे मांडले आणि संगीत वैध मानले. ते अल्पमतात होते हे खरे, परंतु त्यांचे मत दुर्लक्षिलेले नाही. शिवाय ईदच्या दिवशीचा प्रसंग बुखारींमध्येच आहे. हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते आणि पैगंबरांनी आपल्या पत्नी हजरत आयेशांना आपल्या आडोशाने ते मनसोक्त पाहू दिले. गाणाऱ्या दोन मुलींना आयेशांचे वडील अबू बक्र रागावले, तेव्हा ‘त्यांना राहू द्या, प्रत्येक समाजाची ईद असते’ असे पैगंबरांनी अबू बक्र यांनाच सांगितले. खेळ आणि उत्सवाचा गजर यांना जागा देणारी ही परंपरा आहे.

प्रतिसाद २ :

आपण दोघेही जो प्रश्न टाळत आहात तो मी विचारतो. डेसिबल मोजायला मुफ्ती, म्हणजे फतवा देणारे धर्मशास्त्री, कशाला हवेत? सप्टेंबर २०१० मध्ये युरोपच्या फुटबॉल संघटनेने आपल्या स्पर्धांत वुवुझेलाला बंदी घातली आणि विम्बल्डननेही तो आत येऊ दिला नाही. त्यासाठी एकाही धर्मग्रंथाचे पान उलटावे लागले नाही. आज कानाच्या आरोग्याला धर्माचा शिक्का लागला, की उद्या घोषणांना, झेंड्यांना आणि बायकांच्या प्रेक्षागृहातल्या उपस्थितीलाही तो लागेल, आणि तिथे कुठले यंत्र मर्यादा दाखवणार नाही. खेळाच्या मैदानावरचा हा अधिकार एकदा मान्य केला, तर तो परत घेता येत नाही.

प्रतिसाद ३ :

फतवा हा न्यायाधीशाचा हुकूम नसतो; विचारणाऱ्याला दिलेले ते मत असते. श्रद्धाळू माणूस वागणुकीबद्दल विचारतो, तेव्हा त्याला वैद्यकीय आकडा सांगणारा मुफ्ती समाजाचे भलेच करतो. आणि हे माप फक्त दुसऱ्यांसाठी नाही. २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या इस्लामी व्यवहार मंत्रालयाने मशिदींच्या बाहेरच्या भोंग्यांवरून फक्त अजान आणि इकामत (नमाज सुरू होतानाची हाक) द्यावी, आवाजही पूर्ण क्षमतेच्या एक तृतीयांशापुढे नेऊ नये, असा आदेश काढला. कुराणपठणातही एकमेकांवर आवाज चढवू नका, ही हदीस त्याला आधार होती. जिथे कुराणाच्या पठणालाही मर्यादा आहे, तिथे प्लॅस्टिकच्या नळीला असली तर तक्रार कशाची?

प्रतिसाद ४ :

या चर्चेत दक्षिण आफ्रिकेचा माणूस कुठेच नाही, याचे मला वाईट वाटते. वुवुझेला ही तिथल्या गरीब वस्त्यांमधल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांची ओळख आहे; शेंबे या तिथल्या ख्रिस्ती पंथाचे लोक तर तो आपल्या उपासनेतून आल्याचे सांगतात. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी बंदीची मागणी फेटाळली, ती याच ओळखीचा मान राखून. दोन मीटरवर ११३ डेसिबल भरणाऱ्या वाद्याला १०० ची मर्यादा घालणे म्हणजे ‘वाद्य चालेल’ असे म्हणत त्याच्यावर बंदीच घालणे आहे.

धागाकर्ता :

या आक्षेपाचे वजन मी मानतो, पण निष्कर्ष मानत नाही. आवाज कमी करणारी नवी मुखनळी २०१० मध्येच निघाली होती. तेव्हा ओळख टिकवून कान वाचवणे शक्य होते. माझा आक्षेप वेगळा आहे : १०० डेसिबल कुठे मोजायचे? नळीच्या तोंडाशी मोजले तर जवळजवळ कुठलाच वुवुझेला बसत नाही, आणि दहा मीटरवर मोजले तर पुष्कळसे बसतात. इजा हाच निकष असेल, तर माप वाजवणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या कानाशी लागले पाहिजे, आणि हजारो नळ्या एकदम वाजतात तेव्हा ते त्या सगळ्यांच्या एकत्रित आवाजाचे लागले पाहिजे. पुढच्या फतव्याने आकड्यासोबत हे अंतरही सांगावे.