डीसीएसमधलं हॉर्नेट : मर्जला वेग उधळावा की राखावा?

गगनभेदी : डीसीएस या विमानयुद्धाच्या संगणक-खेळात फक्त तोफेची लढत आणि समोर एफ-१६ असेल, तर एफ-१८सी हॉर्नेटने पहिल्या मर्जलाच (समोरासमोर येऊन एकमेकांना पार करतानाच) वन-सर्कलला जावं, असं माझं ठाम मत आहे. एकमेकांना पार केल्यावर दोघं एकाच बाजूला, म्हणजे एक आपल्या डावीकडे तर दुसरा आपल्या उजवीकडे, वळले की नाकं पुन्हा समोरासमोर येतात; हेच वन-सर्कल. तिथे ज्याच्या वळणाची त्रिज्या लहान तो जिंकतो. एकमेकांच्या शेपटीवरून वळलात तर टू-सर्कल होतं आणि तिथे टर्न रेट, म्हणजे सेकंदाला किती अंश वळता ते, चालतो. एफ-१६ साधारण ४४० नॉटला ९ जीपर्यंत (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट ताणापर्यंत) ओढते, आपल्या हॉर्नेटचा संगणक ७.५ ला अडवतो. दर फेरीला ती थोडी थोडी पुढे सरकणारच. पण तिचा अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) २५ अंशांच्या आसपास थांबतो. हॉर्नेट ३५ च्या पुढेही नाक फिरवतं. समोरच्याच्या मैदानात खेळायला जायचंच कशाला?

रानवारा : साफ अमान्य. त्रिज्या लहान होते ती वेग गेल्यामुळे. स्टिक पोटापर्यंत ओढलीत की अर्ध्या वळणात २०० नॉटच्या खाली येता, आणि हॉर्नेटला गेलेला वेग परत मिळवायला फार वेळ लागतो. जाणता एफ-१६वाला तुमच्यासोबत आडवं वळतच नाही, सरळ वर जातो. तुम्हाला त्याच्या मागे वर जाता येत नाही. मग तो वरून सावकाश बघतो आणि सवडीने खाली येतो. अमेरिकी हवाई दलाच्या जॉन बॉइडने १९६० च्या दशकात ऊर्जेचा, म्हणजे वेग आणि उंचीचा, हिशेब मांडला तो याचसाठी, आणि एफ-१६ त्याच विचारातून घडलेलं विमान आहे. माझा सल्ला : साडेतीनशे नॉटच्या आसपास राहा, नाक थोडं खाली ठेवून उंची खर्च करा, वेग नको. समोरचा घाई करेपर्यंत थांबा. नाकाचा तो जोरदार झटका एकदाच वापरायचा, गोळी लागणार असेल तेव्हाच.

गगनभेदी : उतरत वळायला खाली उंची हवी ना! दोन-तीन फेऱ्यांत जमीन येते, आणि मग तुम्ही त्याच्याच वेगात, त्याच्याच खेळात अडकता. शिवाय तो वर जायला लागतो तेव्हा माझं नाक आधीच त्याच्याकडे वळलेलं असतं, आणि त्याची पूर्ण पाठ मला दिसते. तोफ त्याच क्षणासाठी आहे. ५७८ गोळ्या आहेत, जपून ठेवून काय करायचं?

कोकणकडा : ७.५ ची सबब पटत नाही. स्टिकवरचं पॅडल (संगणकाची अडवणूक सैल करणारं बटण) दाबलं की मर्यादा १० जीच्या जवळ जाते.

रानवारा : आणि वेग आणखी लवकर संपतो. पॅडल म्हणजे उधारी.

सांजवेळ : तोफेपुरतं दोघांचंही ऐकेन. पण दोघांकडे एआयएम-९एक्स हे जवळच्या पल्ल्याचं क्षेपणास्त्र आणि हेल्मेटची नेमबाजी असेल तर वन-सर्कल म्हणजे दोघांचाही अंत. नाक वळायची गरजच उरत नाही, मान वळली की पुरतं. आणि चौघांच्या लढतीत १५० नॉटवर लटकलेलं हॉर्नेट तिसऱ्याला आयतं सापडतं. तिथे रानवारा म्हणतात तेच खरं, वादच नको.

गगनभेदी : चौघांचं मान्य, मी मुळात एकास एकबद्दलच बोलतोय. रानवारा, एफ-१६ तुम्ही घ्या. १५,००० फूट, दोघांचं निम्मं इंधन, क्षेपणास्त्रं नाहीत. तुम्ही पहिल्या मर्जला वर जा, मी वन-सर्कल घेतो. ट्रॅक फाइल (लढतीची नोंद) इथेच टाकू, सगळे फ्रेम थांबवून बघतील.