मदत हवी आहे: डोंगरातली शेती आणि घराच्या दोन खोल्या नवशिक्या भाजीवाल्या शेतकऱ्याला द्यायच्या आहेत, करार कसा करावा?

नमस्कार. भोर तालुक्यात, हिरडस मावळात आमची वडिलोपार्जित पावणेतीन एकर जमीन आहे. निम्मी भातखाचरे आहेत आणि उरलेले उतारावरचे वरकस, ज्यात आजोबा नाचणी-वरई घेत असत, आता पडीक आहे. घरी आई एकटीच राहते. मी आणि पत्नी महिन्यातून दोनदा पुण्याहून जातो.

ओळखीतला एक सत्तावीस वर्षांचा तरुण वरकसातल्या अर्ध्या एकरात माळवे (भाजीपाला) करून पुण्यात घरोघरी पोचवू इच्छितो. दुसऱ्याच्या मळ्यात त्याने दोन हंगाम काम केले आहे; स्वतःची जमीन नाही. मागच्या पडवीलगतच्या दोन खोल्या त्याला राहायला द्याव्यात असे आमच्या मनात आहे. माणूस कष्टाळू आहे, त्यामुळे प्रश्न विश्वासाचा नसून कागदाचा आहे.

गावात सगळे म्हणतात, अर्धेलीने दे, म्हणजे निम्मे पीक त्याचे, निम्मे आपले. परंतु 1948 च्या कुळकायद्याचे कलम 4 मी वाचले. दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा माणूस कूळ मानला जातो. मालकाच्या घरातील व्यक्ती, मालकाच्या देखरेखीखालचा मजूर आणि रोख किंवा वस्तुरूपाने पगार घेणारा नोकर यांना त्यातून वगळले आहे, मात्र पिकाचा वाटा हाच मोबदला असेल तर नोकरालाही ही सवलत नाही. म्हणजे गावाला सर्वांत सोपी वाटणारी रीतच सर्वांत अडचणीची. शिवाय कलम 32-ओ नुसार 1 एप्रिल 1957 नंतर निर्माण झालेल्या कुळालाही पहिल्या वर्षात जमीन खरेदी करण्याचा हक्क सांगता येतो. जमीन गमावण्याची भीती मला आहेच, पण त्या भीतीपोटी त्याला दरवर्षी उठवणेही मला पटत नाही.

कारण इथली माती. पावसाळ्यात उतारावरची माती वाहून जाते. ताली (उतारावरचे बांध) दुरुस्त करून, चर काढून, गादीवाफ्यांत शेणखत मुरवून जमीन हाताशी यायला तीन वर्षे तरी लागतील. अकरा महिन्यांच्या कराराच्या भरवशावर कोण एवढे शेणखत घालेल? झऱ्याचे पाणी फेब्रुवारीपर्यंतच पुरते, पुढे विहीर आहे, पण ती भाऊबंदांच्या सामाईकीत आहे. पावसाळ्यात मांडवावरची काकडी आणि दोडका जमेल असे तो म्हणतो. रानडुकरांसाठी कुंपण लागणारच. त्याचा खर्च मी करावा, असे माझे मत आहे, कारण तो गेला तरी कुंपण राहील.

पगारी माणूस म्हणून ठेवले तर कायद्याची बाजू सुटसुटीत होते, पण मग माळवे माझे, तोटाही माझा आणि तो स्वतःच्या धंद्याचा मालक होत नाही. पगारासोबत विक्रीवर बक्षिसी दिली तर तो पिकाचा वाटा ठरेल का?

खोल्यांचा करार वेगळा करणार आहे. भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते, एवढे मला माहीत आहे. आईची अट एकच आहे: चूल वेगळी हवी.

ज्यांनी अशी व्यवस्था प्रत्यक्ष केली आहे त्यांनी कृपया सांगावे: तीन वर्षांची हमी आणि कुळाचा धोका टाळणे या दोन्ही गोष्टी एका कागदात बसतात का? ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यासाठी मोबाइलवरून होणाऱ्या पिकांच्या नोंदीत) पेरा मीच नोंदवत राहिलो, तर पुढे वाद झाल्यास तेवढे पुरते का? आणि मधेच तो सोडून गेला, तर त्याने घातलेल्या खताचा व मेहनतीचा मोबदला तुम्ही कोणत्या हिशोबाने दिलात?