वेफर्सचा गाळा, लग्नाची स्थळं आणि नंबर मात्र एकच

केळफूल_सावदा

नमस्कार मंडळी. सावद्याला केळी वेफर्सचं युनिट आहे, चार महिने झाले. एकल मालकी. फूडची नोंदणी आणि लघुउद्योगांची उद्यम नोंदणी झालीय, पीएमएफएमई या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेतून कर्ज आहे, जीएसटी नाही. घरचे स्थळं पाहतायत, अ‍ॅपवर मीही पाहतेय, आणि सगळ्याचा काला झालाय. पाकिटावर, बायोडाटावर, मेळाव्याच्या पुस्तिकेत, सगळीकडे माझा एकच नंबर. बॉक्सचा भाव विचारणाऱ्याला "५ फूट ३ इंच" असं उत्तर गेलंय. अ‍ॅपवर ५० किलोमीटरचा घेर ठेवला तर निम्मे ओळखीचे निघतात, उरलेले बऱ्हाणपूरचे.

सध्या दोन ठिकाणी बोलणं पुढे गेलंय. एक जण म्हणतो, २ लाख घालतो, मला भागीदार कर, लग्नाचं नंतर बघू. दुसरं स्थळ सुरतचं आहे. तिकडे गेले तर नोंदण्यांचं आणि कर्जाचं काय होतं? त्यात श्रावण तोंडावर आणि माल पाचव्या दिवशी मऊ पडतोय, काही लॉट लाल येतायत. कुठून सुरुवात करू?

पक्कं_बिल

नंबरापासून करा, सगळ्यात स्वस्त काम तेच.

पॅकबंद मालाच्या २०११च्या नियमांप्रमाणे पाकिटावर ग्राहकाच्या तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन, ईमेल लागतंच. म्हणून छापलेला नंबर धंद्याला राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, यूपीआय, बँक सगळं त्याच्यावर. नवं सिम घ्यायचं ते स्थळांसाठी. बरेच जण उलटं करतात आणि मग पाकिटाच्या छपाईचा सिलिंडर नव्याने काढायला पैसे घालतात. बायोडाटाची पीडीएफ बदलायला पाच मिनिटं लागतात. बिझनेस प्रोफाइलमध्ये गाळ्याचा पत्ता आणि नकाशा दिसतो, तेवढ्यासाठी तरी अ‍ॅपवरच्या माणसाला तो नंबर जाऊ देऊ नका. भेटीत चहाचं बिलही धंद्याच्या यूपीआयवरून नको.

पाहुण्यांना दिलेले डबे वहीत नमुना म्हणून लिहा. लग्नसराईत महिन्याला पंधरा-वीस डबे असेच जातात आणि महिन्याअखेर माल कुठे गेला ते कळत नाही.

आता २ लाखवाले. भागीदारी कायदा १९३२चा आहे. त्यात लेखी ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो, कुणी किती घातले हे विचारलं जात नाही. तुमचे ७ आणि त्याचे २ असले तरी निम्मं-निम्मं. देणं मात्र प्रत्येकावर पूर्ण. पुरवठादाराचे ५ लाख थकले तर तो एकट्या तुमच्याकडूनही सगळे मागू शकतो. शिवाय एकल मालकीची भागीदारी झाली की फर्मचं नवं पॅन, नवं खातं, फूडची नवी नोंदणी. कर्ज तुमच्या नावावर आहे, म्हणजे बँकेलाही विचारावं लागेल.

पैसे खरंच हवे असतील तर उसने घ्या, भागीदारी म्हणून नको. बँकेतून बँकेत. २० हजार किंवा जास्त रक्कम रोखीने उसनी घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही. वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट), रेव्हेन्यू तिकीट, परतफेडीच्या तारखा. लग्न जमलं किंवा मोडलं, तारखा त्याच.

चिकाळलेले_हात

मी फक्त वेफर्सचं बोलतो.

मऊ पडणं आणि लाल होणं हे दोन वेगळे रोग आहेत. लाल होतात ते साखरेमुळे. घड कापल्यापासून केळं पिकायला लागतं, पिठूळपणाची साखर होते आणि ती तेलात करपते. जी-नाईन जातीच्या केळीचा घड पूर्ण भरलेला पण कडक हिरवा हवा, आणि कापल्यापासून २४ तासांत तळून संपवायचा. गाडी आली की पहिल्या फणीतलं एक केळं कापून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. चकती काळी-निळी पडली तर घ्या. मधला भाग फिका राहिला तर तो लॉट वेफर्सला नको. उरलेला माल फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, १३ अंशांखाली साल काळी पडते. सावलीत, ओल्या गोणपाटाखाली.

मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडच्या बागा आडव्या होतात आणि पडेल केळी मातीमोल भावात दारात येते. मोह होतो. पण अपुरं भरलेलं केळं पाणीदार असतं. तेल जास्त पितं, उतारा कमी देतं. चांगल्या मालात १०० किलोला २२ ते २५ किलो वेफर्स पडतात. पडेल मालाचा आधी १० किलोचा घाणा काढून वजन करा, मगच भाव ठरवा.

सोलताना हाताला तेल लावा, पातं स्टेनलेसचं ठेवा. लोखंडाच्या पात्याने चिकाचा काळा डाग थेट चकतीवर येतो. जाडी दीड मिलिमीटर, तेल १७० ते १८० अंश, किसणी थेट कढईवर. परातीत साठवून टाकल्या तर चकत्या चिकटतात आणि मध्ये कच्च्या राहतात. एका वेळी जास्त टाकलं की तेल १५० वर येतं, मग बुडबुडे थांबायला वेळ लागतो आणि माल तेलकट होतो. बुडबुडे पूर्ण थांबले की काढा, आधी नाही.

मऊ पडण्याचं कारण बहुतेक वेळा कढईत नसतं, पॅकिंगला असतं. हाताला कोमट लागला तरी माल भरू नका, आतल्या वाफेचं पाणी होतं. पावसाळ्यात पंख्याखाली तासनतास उघडा ठेवणंही तेवढंच वाईट. गार झाला की लगेच झाकणाच्या डब्यात. आणि सील तपासा: भरलेलं पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवून दाबा. बुडबुडा जिथून येईल तिथे हवा जाते. दर घाण्यामागे पाच पाकिटं तपासायची.

तेल फेसाळायला लागलं, १८०च्या आतच धूर द्यायला लागलं की काढा. कायद्याने तेलातल्या पोलर घटकांची मर्यादा २५ टक्के आहे, मोजायला मीटर किंवा पट्टी मिळते. जुन्या तेलात नवं घालत राहिलात तर खवट वास पंधराव्या दिवशी पाकिटात येतो, दुकानात आल्यावर.

श्रावणासाठी म्हणाल तर हळद घालू नका. पुष्कळ घरांत उपवासाला हळद चालत नाही. सैंधव वापरा आणि तसं छापा. "जीआय जळगाव केळी" मात्र सहज छापू नका. २०१६ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते.

तापीकाठ

सुरतचं उत्तर. फूडची नोंदणी जागेला असते, माणसाला नाही. गाळा हलवला तर तिथे नवी. जीएसटी राज्यागणिक वेगळा, म्हणजे गुजरातचा वेगळा. पीएमएफएमईचं अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, पण ते बँकेत ३ वर्षं अडकून असतं. कर्ज नियमित आणि युनिट चालू असेल तरच तुमच्या कर्जातून वळतं होतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात गाळा बंद केलात तर ते हातचं जाईल. त्यामुळे सुरतच्या मंडळींना "मुलगी जॉब सोडेल ना?" याचं उत्तर देताना ३ वर्षांची तारीखच सांगा.

गाळा सावद्यालाच ठेवून तुम्ही सुरतला राहिलात तर कागद हलत नाहीत. जबाबदार माणूस नेमा, बँकेला अधिकारपत्र द्या. भुसावळ-सुरत लाइन आहेच. फक्त माल परराज्यात विकायचा असेल तर उलाढाल कितीही असो, आधी जीएसटी घ्या. बऱ्हाणपूरच्या दुकानदाराला दिलेला एक बॉक्ससुद्धा त्यात आला.

लग्नानंतर आडनाव बदलणं कायद्याने सक्तीचं नाही. बदललंत तर आधार, पॅन, बँक, उद्यम, फूड या क्रमाने जा. मधला एक राहिला तर बँकेची केवायसी अडकते. एकल मालकीचा धंदा लग्नानंतरही तुमचाच राहतो, हेही कुणी मांडवात विचारत नाही म्हणून सांगतो.

आखाजीचा_झोका

ताई, कॅलेंडर बघा. चातुर्मासात लग्नं नसतात, आणि उपवास बहुतेक त्यातच: श्रावण, एकादश्या, नवरात्र. तेवढे महिने पाहण्याचे कार्यक्रम घ्यायचेच नाहीत असं घरी सांगून टाका. तुळशीच्या लग्नानंतर बसा. घरच्यांनाही हे कारण पटतं, "वेळ नाही" पटत नाही. चैत्रात वणीला पायी जाणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा पुन्हा दोन आठवडे कार्यक्रम नको.

अ‍ॅपचा घेर वाढवा, जळगाव-धुळे-नाशिक धरा. पहिली भेट जळगावात, दिवसा, गाळ्यावर नाही. दोन-तीन भेटींत तीन गोष्टी विचारून घ्या: सीझनमध्ये रात्री नऊला घरी आलेलं चालेल का, धंद्याचं खातं कोण बघणार, आणि त्याच्यावर कर्ज किती. सिबिल अहवाल वर्षातून एकदा फुकट निघतो, दोघांनी एकमेकांना दाखवावा. पत्रिका दाखवतोच की. भेटीआधी पैसे मागणारा, कस्टममध्ये पार्सल अडकलंय म्हणणारा कुणी निघाला तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

घरचे नाही म्हणाले आणि तुम्ही दोघं ठाम असलात तर विशेष विवाह कायदा १९५४: दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात ३० दिवसांचं वास्तव्य, नोटीस, मग ३० दिवस थांबणं, तीन साक्षीदार. नोटीस तीन महिने चालते. नवरात्राच्या ऑर्डरी अंगावर असताना ती देऊ नका एवढंच.

सातपुडा४२५

भागीदारीला एवढं घाबरायचं काय? नवरा-बायको मिळून धंदा करतातच की आपल्याकडे.

पक्कं_बिल

करतात. भो, इथे अजून नवरा झालेला नाही.

केळफूल_सावदा

सगळ्यांचे आभार. स्थळांसाठी नवं सिम घेतलं. वचनचिठ्ठीचं म्हटल्यावर २ लाखवाल्यांचा रिप्लाय यायचाय. बादलीची चाचणी केली: खालच्या आडव्या सीलमधून बुडबुडे येतात, पाचातल्या तीन पाकिटांत. सीलिंग मशीनचं तापमान वाढवू का?

चिकाळलेले_हात

आधी नको. मशीनचा सील मारणारा जबडा थंड करून पुसा, मीठ आणि चुरा तिथेच बसतो. टेफ्लॉनची पट्टी जळाली असेल तर बदला. पाकीट वरपर्यंत भरू नका, सीलखाली तीन बोटं मोकळी ठेवा. तरी गळलं तर पाच-पाच अंशांनी वाढवा आणि दर वेळी बादली.