मदत हवी आहे: ओसी-३ मध्ये ५६के मोडेम किती? २७७७, २८४४ की १८९०?

नमस्कार मंडळी,

आमच्या तंत्रनिकेतनाच्या कम्युनिकेशन लॅबमध्ये भिंतीवर लावायला एक तक्ता करतोय. डावीकडे जुने डायल-अप मोडेम, ९६०० बीपीएसपासून (बीपीएस म्हणजे सेकंदाला बिट) ५६केपर्यंत. वर आडवे फायबर लाइनचे ठरावीक वेग: ओसी-३, ओसी-१२, ओसी-४८. चौकटीत फक्त आकडा: या फायबरच्या वाहिनीत असे किती मोडेम बसतील. आताच्या पोरांनी मोडेमचा तो किंचाळण्याचा आवाजही ऐकलेला नाही, त्यांना फरक आकड्यांत तरी दिसावा.

ओसी-३ चा वेग १५५.५२ एमबीपीएस. ९६०० ने भागलं तर १६,२००, १४.४के ने १०,८००, २८.८के ने ५,४००. सगळे चोख, बाकी शून्य. ५६केला आलो आणि गाडी अडली. एका ऑनलाइन कन्व्हर्टरने २७७७.१४ दिलं, दुसऱ्याने २८४३.७९. त्यात विभागातल्या एका जुन्या वहीत 'एसटीएम-१ = १८९० कॉल' अशी नोंद सापडली. एसटीएम-१ आणि ओसी-३ चा वेग तर एकच!

कन्व्हर्टरांत फरक कशामुळे, १८९० आले कुठून आणि छापायचं काय? फ्लेक्सवाला फाइलसाठी मागे लागलाय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बिटबहाद्दर:
२८४४ वाला कन्व्हर्टर बाद कर. त्याने १ एमबीपीएस म्हणजे १०२४ केबीपीएस धरलंय. १५५.५२ गुणिले १०२४ भागिले ५६ करून बघ, तोच आकडा येतो. लाइनचा वेग मोजताना किलो म्हणजे १०००, मेगा म्हणजे दहा लाख. मोडेम असो वा फायबर, ५६के म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट. १०२४ ची भानगड मेमरी आणि फाइलच्या आकारात. तिथे मात्र ती धरावी लागते: ५ एमबीची फाइल ५० लाख बाइट धरली तर ५६के वर ७१४ सेकंद, ५२,४२,८८० बाइट धरली तर ७४९. आणि आधी ८ ने गुणायला विसरू नका, कन्व्हर्टर वापरणाऱ्यांचा निम्मा गोंधळ बिट-बाइटचाच असतो.

मूळ प्रश्नकर्ता:
धन्यवाद, एक काटा निघाला. मग २७७७ बरोबर आणि १८९० चूक?

निवृत्त ट्रान्समिशनवाला:
दोन्ही बरोबर, पण प्रश्न वेगवेगळे आहेत. २७७७ हा नुसता भागाकार. १८९० म्हणजे खरोखर किती कॉल जातील ते.

मोडेमचा कॉल एक्स्चेंजला साधा फोन कॉलच वाटतो. तुमच्या घरून तांब्याच्या तारेवरून आवाज येतो, एक्स्चेंज त्याचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, प्रत्येकी ८ बिट. झाले ६४ केबीपीएस. तुमचा मोडेम ९६०० चा असो की ५६केचा, ट्रंकवर, म्हणजे एक्स्चेंजांमधल्या लाइनवर, जागा ६४ केबीपीएसचीच अडते. असे ३२ टाइम स्लॉट मिळून एक ई-१, म्हणजे २.०४८ एमबीपीएस. आम्ही त्याला 'टू एमबी'च म्हणायचो. त्यातला शून्य क्रमांकाचा स्लॉट सिंक्रोनायझेशनला, सोळावा सिग्नलिंगला, उरले ३० कॉल. एका एसटीएम-१ मध्ये ६३ टू एमबी बसतात. ६३ गुणिले ३० म्हणजे १८९०.

आता गंमत बघा. या हिशोबाने ९६०० चे मोडेमसुद्धा १८९०च बसतात, तुमचे १६,२०० नव्हेत. १९९५ साली व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा घरोघरी असलेच मंद मोडेम होते, आणि कॉल चालू असेपर्यंत प्रत्येकाचा अख्खा स्लॉट अडकलेला असायचा.

जर्सीकर:
इकडे अमेरिकेत तोच आकडा २०१६ येतो. ओसी ही मुळात सॉनेटची, म्हणजे फायबर जाळ्याच्या इकडच्या मानकाची भाषा, तिकडचं मानक एसडीएच, एसटीएम त्यातलं. इकडे ई-१ ऐवजी टी-१, त्यात २४ कॉल, आणि ओसी-३ मध्ये टी-१ ८४. तक्त्यावर 'ओसी' लिहून खाली १८९० छापलंत तर कुणीतरी बोट ठेवेल.

आणखी एक. इकडे ५६केला ५६ कधी मिळालेच नाहीत. सिग्नलची ताकद मर्यादित ठेवण्याच्या नियमामुळे ५३.३ केबीपीएसवर कुलूप होतं.

मूळ प्रश्नकर्ता:
मग ५६ आले तरी कुठून? आणि विंडोज ९८ वर 'कनेक्टेड ॲट ११५,२०० बीपीएस' दिसायचं ते काय होतं?

निवृत्त ट्रान्समिशनवाला:
८ पैकी ७ बिट भरवशाचे धरले, ७ गुणिले ८००० म्हणजे ५६,०००. तेही फक्त डाउनलोडला, कारण सेवा देणाऱ्याचं टोक थेट डिजिटल लाइनवर असतं. घराकडून जाणारा सिग्नल ॲनालॉग, एक्स्चेंजला त्याचं रूपांतर होताना नासधूस होते, म्हणून व्ही.९० या ५६के मोडेमच्या मानकात अपलोड ३३.६ वरच थांबतं.

११५,२०० हा संगणक आणि मोडेम यांच्यातल्या सीरियल केबलचा वेग. फोनच्या तारेशी त्याचा संबंध नाही. तो आकडा बघून कॉलर ताठ करणारे ग्राहक मी पुष्कळ पाहिलेत.

बिटबहाद्दर:
एक फाटा राहिला. कॉल शहरातल्या सर्व्हरवरच संपवला आणि पुढे फायबरवर नुसता डेटा पाठवला, तर स्लॉटचा हिशोब लागू नाही. पण मग पूर्ण १५५.५२ ही धरता येत नाहीत, काही भाग फ्रेमच्या स्वतःच्या व्यवस्थेत जातो. ओसी-३सी मध्ये, म्हणजे ओसी-३ तुकडे न पाडता एकसंध वापरली तर, मालासाठी उरतात १४९.७६ एमबीपीएस. त्याला ५६के ने भागा, २६७४.

मूळ प्रश्नकर्ता:
वा! तर असं करतो. वरचा तक्ता 'वेगाचे गुणोत्तर' म्हणून, ५६के समोर २७७७, ११,१०९, ४४,४३४. त्याखाली वेगळी ओळ 'एकाच वेळी कॉल': एसटीएम-१ ला १८९०, एसटीएम-४ ला ७५६०, एसटीएम-१६ ला ३०,२४०. तिथे ओसी हा शब्दच नको. २०१६ तळटीपेत. २६७४ गाळतो, तो वर्गात तोंडी सांगेन.

निवृत्त ट्रान्समिशनवाला:
उत्तम. ५६के समोर 'फक्त डाउनलोड' लिहा.

मूळ प्रश्नकर्ता:
लिहिलं काका. फाइल पाठवतोय. कुणाला पीडीएफ हवी असेल तर व्यनि करा.